गुरांच्या डॉक्टरांची उजळणी

आमच्या धाकट्या दिरांचा नातू पशुवैद्यकीयच्या शेवटच्या वर्षाला आहे. गणपतीत आला होता तेव्हा म्हणाला, "आजी, एकदा डिग्री हातात पडली की पुस्तकांना हात लावणार नाही बघ!" सगळे हसले, मीही हसले. पण माझ्यातली मास्तरीण काही गप्प बसेना. डिग्री मिळाल्यावर जनावरांचा डॉक्टर पुढचं कुठे शिकतो? कुणाकडून शिकतो? इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे प्रश्न पडला की मी मागे मागे जात बसते. तसं गेले काही महिने वाचत बसले होते. त्यातलं जमेल तेवढं इथे मांडते.

आम्हा शिक्षकांनाही उजळणी वर्ग असत. सही करायची, चहा घ्यायचा, वरून आलेल्या साहेबांचं भाषण ऐकायचं. खरं शिकणं व्हायचं ते मधल्या सुट्टीत, दुसऱ्या गावच्या बाई "सनावळी मी अशी लक्षात ठेवायला लावते" म्हणून सांगायच्या तेव्हा. पण आमच्या शाळेत निदान दहाबारा शिक्षक तरी होते. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर एकटाच. सोबतीला एक पट्टीबंधक, एक शिपाई, अंगणात एक लोखंडी खोडा. रोगी बोलत नाही, मालक सांगतो, "कालपासून रवंथ करत नाही." अडलं तर विचारायचं कुणाला?

या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी येऊन पोचले बुळकांडीपाशी. आजच्या मुलांना हा शब्द माहीत नसेल. (माहीत नसणं हीच मोठी आनंदाची गोष्ट आहे, ते पुढे येईलच.) बुळकांडी म्हणजे इंग्रजीतला रिंडरपेस्ट. गुरांना सडकून ताप, डोळ्यांतून नाकातून पाणी, तोंडात फोड आणि मग हगवण. आठदहा दिवसांत खेळ खलास. एकदा गावात शिरली की गोठेच्या गोठे रिकामे करायची. आणि गोठा रिकामा म्हणजे नांगर थांबला, मोट थांबली, दूध गेलं. पशुवैद्यकाचा सगळा इतिहास या एका रोगाच्या दाव्याला बांधलेला आहे म्हटलं तरी चालेल.

जगातली पहिली पशुवैद्यक शाळा १७६१ साली फ्रान्समध्ये लिआँ इथे मंजूर झाली. काढणारे क्लोद बूर्जला हे गृहस्थ मुळात घोडेस्वारीची शाळा चालवणारे. पण सरकारने पैसे दिले ते घोड्यांच्या हौसेपायी नाहीत. गुरांच्या साथींनी शेती बुडत होती म्हणून दिले. शाळेतल्या मुलांना लगेच साथीच्या गावांकडे पाठवलं गेलं. १७६५ मध्ये पॅरिसजवळ आल्फोरला दुसरी शाळा निघाली. मग युरोपभर निघतच गेल्या.

इंग्रजांनी मात्र घोळ घातला. लंडनचं कॉलेज १७९१ मध्ये निघालं, पण तिथे लक्ष सगळं घोड्यांवर. पहिले प्रमुख दोनच वर्षांत वारले. त्यांच्या जागी आलेले एडवर्ड कोलमन हे मुळात माणसांचे सर्जन, आणि ते १८३९ पर्यंत त्या खुर्चीवर होते. अभ्यासक्रम काही महिन्यांचा. गाय, मेंढी, कुत्रा हे विषय जवळपास नाहीतच. असं अर्धंमुर्धं शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरांनी काय करावं? त्यांनी एकमेकांना लिहायला सुरुवात केली. १८२८ साली विल्यम पर्सिव्हल आणि विल्यम युआट यांनी 'द व्हेटरिनेरियन' हे मासिक चालवायला घेतलं. कॉलेजने जे शिकवलं नाही ते तिथे छापून येऊ लागलं आणि कॉलेजवर टीकाही येऊ लागली. १८४४ मध्ये या व्यवसायाला शाही सनद मिळाली, ती मिळवण्यामागे असेच डॉक्टर होते. त्या सनदेला माझ्या लेखी महत्त्व आहेच, पण मासिकाला जास्त. आपला रोगी कसा दगावला हे चारचौघांना लिहून कळवायचं, याला छाती लागते.

आता येतो या गोष्टीतला माझा आवडता माणूस, जॉन गॅमजी. दवाखान्यात जखमेवर कापसाची जाड गादी बांधतात ना, तिला आपल्याकडेही 'गॅमजी' म्हणतात. ती शोधून काढली त्याच्या भावाने, सॅम्प्सन गॅमजीने. जॉन पशुवैद्य, बाप पशुवैद्य, जन्म इटलीत फ्लॉरेन्सला. त्यामुळे युरोपातल्या भाषा, तिथल्या शाळा त्याला परक्या नव्हत्या. एडिंबरोत त्याने स्वतःचं कॉलेज काढलं होतं. त्याच्या लक्षात एक साधी गोष्ट आली. आगगाड्या आणि आगबोटी आल्यात. पूर्वी जनावर पायी चालत जायचं, रोगी असेल तर वाटेतच मरायचं. आता रशियाकडचं जनावर थोड्या दिवसांत इंग्लंडच्या बाजारात उभं राहतं आणि रोगही त्याच्याबरोबर ताजा उतरतो. तेव्हा एकेका देशाच्या डॉक्टरने एकेकट्याने शिकून भागायचं नाही.

म्हणून त्याने युरोपातल्या पशुवैद्यांना आणि प्राध्यापकांना पत्रं धाडली आणि जुलै १८६३ मध्ये हँबुर्गला सभा बोलावली. दहा देशांतून १०३ पशुवैद्य आले. विषय दोनच, साथीचे रोग आणि गुरांच्या व्यापाराचे नियम. कुणी सरकारी हुकूम काढला नव्हता. बोलावणारा बत्तीस वर्षांचा एक हट्टी माणूस! जगातल्या पशुवैद्यांची ही पहिली आंतरराष्ट्रीय परिषद. पुढे ती भरतच राहिली आणि तिच्यातूनच १९५९ साली जागतिक पशुवैद्यक संघटना उभी राहिली.

गॅमजी घरी इंग्लंडात ओरडून सांगत होता की बुळकांडी येणार, बंदरांवर तपासणी करा. व्यापाऱ्यांना ते नको होतं. अनेक व्यवसायबंधूंनीही त्याची टरच उडवली. आणि जून १८६५ मध्ये ती आलीच. बाल्टिक किनाऱ्यावरच्या रेवालहून (आजचं टॅलिन) निघालेली गुरं हल बंदरात उतरली, तिथून लंडनच्या बाजारात गेली आणि बघता बघता साथ देशभर पसरली. चार लाखांच्या आसपास गुरं गेली. औषधोपचार करायचे की रोगी जनावर मारून पुरायचं, यावर वाद घालण्यात मौल्यवान महिने गेले. शेवटी १८६६ मध्ये कायदा करून मारणं सक्तीचं केलं, हालचाल बंद केली, तेव्हा १८६७ पर्यंत साथ आटोपली. गॅमजीचं म्हणणं खरं ठरलं, पण त्याचं बस्तान काही बसलं नाही. त्याने पशुवैद्यकच सोडलं आणि पुढे १८७६ मध्ये लंडनला कृत्रिम बर्फाचं स्केटिंगचं मैदान काढलं! खोटं वाटेल, पण खरं आहे.

असो. आता आपल्याकडे वळू.

हिंदुस्थानात पशुवैद्यकाचं शिक्षण लष्कराच्या पोटी जन्मलं. १८६२ साली पुण्यात लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली. इंग्रजांना चिंता तोफखान्याच्या आणि रिसाल्याच्या घोड्यांची. आपले पिढीजात शालिहोत्री (इंग्रजांच्या कागदांत 'सलोत्री') होतेच, त्यांना हाताशी घेऊन थोडं शिकवायचं एवढाच हेतू. पण बुळकांडीने इथेही सरकारला जागं केलं. गुरांच्या साथींची चौकशी करायला आयोग नेमला गेला आणि १८७१ साली त्याचा अहवाल आला. त्या आयोगावरचे हॅलन साहेब हे लष्करातले पशुवैद्य. घोड्याचा डॉक्टर बैलाकडे वळला तो असा.

१८८६ मध्ये मुंबईला परळमध्ये पशुवैद्यक कॉलेज सुरू झालं. शेजारी दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून उभं राहिलेलं बाई साकरबाई जनावरांचं इस्पितळ. मुलांना रोगी बघायला तिथेच न्यायचे. पहिले प्रिन्सिपल जॉन हेन्री स्टील. या माणसाने कॉलेजच्याही आधी, १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला, फ्रेडरिक स्मिथ या दुसऱ्या लष्करी डॉक्टरबरोबर हिंदुस्थानातल्या पशुवैद्यांसाठी एक त्रैमासिक काढलं होतं. कुठल्या तरी छावणीत एकटा पडलेला डॉक्टर, आजूबाजूला त्याच्या विलायती पुस्तकात नसलेले रोग, मग त्याने पाहिलेलं लिहायचं कुठे? तर त्या त्रैमासिकात. म्हणजे आधी मासिक आणि मग कॉलेज! शाळा आधी आणि पुस्तक नंतर असं आपण धरून चालतो, इथे उलटं झालं.

परळहून बाहेर पडणाऱ्यांना जी.बी.व्ही.सी. म्हणत. ग्रॅज्युएट ऑफ द बॉम्बे व्हेटरिनरी कॉलेज. जुन्या घरांतल्या पाट्यांवर ही अक्षरं दिसत. नोकरी मिळायची ती 'व्हेटरिनरी असिस्टंट'ची. वरच्या जागा विलायतेहून शिकून आलेल्या साहेबांच्या. घोड्यावरून नाहीतर छकड्यातून पंचक्रोशी फिरायची, टोचायचं, तक्ते भरून वर पाठवायचे. शोध साहेबाने लावायचा आणि टोचणी असिस्टंटने. वर काय चाललंय हे खाली कळवण्याची सोय होती. खालच्याला काय दिसलं हे वर विचारण्याची फारशी नव्हती. हा माझा निष्कर्ष आहे, कुणाला पटणार नाही. पण १९२४ मध्ये मद्रासहून 'इंडियन व्हेटरिनरी जर्नल' निघालं आणि ते काढलं पी. श्रीनिवास राव या इथल्या डॉक्टरांनी, यात मला त्याचं उत्तर दिसतं.

मधल्या काळात पुण्याने आणखी एक मान मिळवला होता. ९ डिसेंबर १८८९ला इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली ती पुण्यात, सायन्स कॉलेजच्या इमारतीत. प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड. पण भर वस्तीत घातक रोगांचे जंतू ठेवणं धोक्याचं, म्हणून १८९३ मध्ये बाडबिस्तरा हिमालयात मुक्तेश्वरला हलला, साडेसात हजार फुटांवर. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच, आता बरेलीजवळ इज्जतनगरला. १८९७ मध्ये खुद्द रॉबर्ट कॉख मुक्तेश्वरला येऊन गेले. ते त्याआधी दक्षिण आफ्रिकेत बुळकांडीवरच काम करत होते. रोगाने मेलेल्या जनावराचं पित्त निरोगी जनावराला टोचायचं, अशी त्यांची पद्धत. एका जनावराच्या पित्तात मोजक्याच जनावरांचं भागणार, तेव्हा आपल्या कोट्यवधी गुरांना ती कशी पुरावी? मग १८९९ पासून मुक्तेश्वरला रक्तद्रव म्हणजे सीरम तयार होऊ लागलं.

इथून पुढे गुरांच्या डॉक्टरला किती वेळा नव्याने शिकावं लागलं ते बघा. आधी नुसतं सीरम. त्याचं संरक्षण थोड्या दिवसांचं. मग एका बाजूला सीरम आणि दुसऱ्या बाजूला जिवंत विषाणूचं रक्त, असं एकाच वेळी टोचायची पद्धत आली. जरा हात चुकला तर डॉक्टरनेच रोग लावल्यासारखं. मग १९२७च्या सुमारास मुक्तेश्वरच्या जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळीतून शेळीत, शेळीतून शेळीत असा फिरवत नेला. होता होता तो गुरांसाठी सौम्य झाला. एकदा टोचलं की जन्माचं संरक्षण. मात्र काही जातींच्या गुरांना, संकरित जनावरांना तोही जड जायचा. हे कळलं कुठून? टोचणाऱ्यांकडून. टोचलेली गुरं चार दिवसांनी कशी आहेत हे बघणारा डोळा तालुक्यात होता. पुढे १९६०च्या सुमारास वॉल्टर प्लॉराइट यांनी केनियात पेशींवर वाढवलेली लस तयार केली. ती सगळ्या जातींना चालली. त्यासाठी त्यांना १९९९ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

आणि एक नमूद करते. १९२० मध्ये हिंदुस्थानातून ब्राझीलला निघालेली वशिंडाची गुरं वाटेत बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात उतरवली, आणि बुळकांडी पुन्हा युरोपात शिरली. या धक्क्याने देश एकत्र आले आणि जानेवारी १९२४ मध्ये २८ देशांनी पॅरिसला करार करून जनावरांच्या रोगांची आंतरराष्ट्रीय कचेरी स्थापन केली. गॅमजीने हँबुर्गला जे मागितलं होतं, त्याला ६१ वर्षं लागली. आपलं मद्रासचं जर्नल आणि ही पॅरिसची कचेरी एकाच वर्षीच्या, हा निव्वळ योगायोग, पण सनावळ्यांच्या माणसाला असे योगायोग आवडतात.

स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये देशभर बुळकांडी निर्मूलन मोहीम सुरू झाली. पाच वर्षांत ८० टक्के गुरं टोचायची असं ठरलं. माझ्या पिढीने लहानपणी हे पाहिलंय. दवंडी व्हायची, देवळापाशी गुरं गोळा व्हायची आणि टोचणी करणारे डॉक्टर बाह्या सरसावून उभे. रोग खूप कमी झाला, पण मुळातून जाईना. अधूनमधून डोकं वर काढी.

आणि मग आला या गोष्टीतला सगळ्यात अवघड धडा. तीसचाळीस वर्षं ज्यांनी 'टोचा, टोचा' हेच शिकलं आणि शिकवलं, त्या डॉक्टरांना सांगितलं गेलं की आता टोचणं थांबवा. कारण काय? लस टोचलेल्या जनावराच्या रक्तात आणि रोग होऊन बऱ्या झालेल्याच्या रक्तात सारखीच प्रतिद्रव्यं दिसतात. टोचत राहिलात तर रोग खरोखर गेलाय का, हे कधीच कळणार नाही. १९९२ पासूनच्या राष्ट्रीय प्रकल्पात टप्प्याटप्प्याने टोचणी बंद होत गेली. तिच्या जागी आला शोध. गावोगाव जाऊन, गुरांच्या बाजारात, गुरं ने-आण करण्याच्या वाटांवर विचारायचं, "तोंड आलंय आणि हगवण लागलीय असं जनावर पाहिलंत का?" नाही म्हणाले तर 'नाही' लिहायचं. पुढच्या खेपेला पुन्हा जायचं, पुन्हा 'नाही' लिहायचं. सिरिंज खाली ठेवून वही हातात घेणं! गुराख्याला विचारणं! ज्याच्याकडे लस आहे त्याला ती न टोचता हात बांधून बसवणं किती कठीण गेलं असेल, याची मी कल्पनाच करू शकते. उद्या रोग आला तर शेतकरी गळा धरणार डॉक्टरचा, दिल्लीच्या साहेबाचा नाही.

पण त्यांनी ते केलं. १९९५ नंतर देशात बुळकांडी दिसली नाही. २००६ मध्ये भारत बुळकांडीच्या संसर्गापासून मुक्त असल्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं आणि २०११ मध्ये जगातूनच हा रोग गेल्याचं जाहीर झालं. माणसांचा देवी आणि गुरांची बुळकांडी, माणसाने मुद्दाम संपवलेले आजवर हे दोनच रोग. ते २०११ साल म्हणजे लिआँच्या शाळेला २५० वर्षं पूर्ण झाल्याचंही साल. देवी गेल्याचं आम्ही वर्गात शिकवलं, पुस्तकात होतं. बुळकांडी गेल्याचं किती जणांना माहीत आहे? गोठा असलेल्या घरांतही नाही.

याच काळात याच डॉक्टरांपुढे दुसरा एक धडा येऊन ठेपला होता. डायक्लोफिनॅक हे वेदना आणि सूज कमी करणारं औषध. स्वस्त, गुणकारी. लंगडणाऱ्या बैलाला टोचलं की दुसऱ्या दिवशी उभा. बैलाला त्याचा काही त्रास नाही. पण औषध टोचल्यावर ते जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होऊन ती मरतात. हे २००४ मध्ये पाकिस्तानात केलेल्या संशोधनातून सिद्ध झालं. भरतपूरला गिधाडं कमी होतायत हे मुंबईच्या बीएनएचएसच्या विभू प्रकाश यांनी त्याआधीच नोंदवलं होतं. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. मलबार हिलवर पारशी समाजाच्या डुंगरवाडीत गिधाडंच येईनात, तेव्हा सूर्याची उष्णता एकवटणारे आरसे बसवावे लागले. डॉक्टरांच्या कुठल्या पुस्तकात गिधाड होतं? त्यांनी रोगी बरा केला होता. २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झालं, पर्याय म्हणून मेलोक्सिकॅम सुचवलं गेलं. पण बंदी कागदावर आली म्हणून गोठ्यापर्यंत पोचत नाही. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्यांतून टोचणं चालूच राहिलं, म्हणून २०१५ मध्ये त्या बाटल्याही बंद करून तीन मिलीची मर्यादा घालावी लागली. २०२३ मध्ये कीटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅकची पाळी आली. औषध बदलायचं, ते का बदलायचं हे शेतकऱ्याला पटवायचं आणि शेजारच्या दुकानदाराला तर त्याहून जास्त. हा अभ्यासक्रम कुठल्याही वर्षाच्या परीक्षेला नव्हता.

आता सोयी झाल्यात. १९८४च्या कायद्याने भारतीय पशुवैद्यक परिषद आली, दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते, सरकारी पैशातून उजळणी वर्ग होतात. इंग्लंडात तर प्रत्येक पशुवैद्याने वर्षाला ३५ तास शिकलंच पाहिजे असा नियम आहे. तास मोजण्याला माझा विरोध नाही, पण तास मोजता येतात, शिकणं नाही, हे मी दोन्ही बाजूंनी अनुभवलंय.

२०१९ मध्ये ओडिशात लम्पी चर्मरोग पहिल्यांदा दिसला. आपल्या डॉक्टरांनी तो आफ्रिकेतला रोग म्हणून कॉलेजात दोन ओळींत वाचलेला. २०२२ला महाराष्ट्रात गोठ्यागोठ्यांत गाठी आलेली गुरं उभी राहिली. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचायची असं ठरलं आणि गावोगाव ती टोचली गेली. शेळीने पुन्हा एकदा गाईला हात दिला. त्या दिवसांत शेजारच्या तालुक्यातल्या डॉक्टरला रात्री अकराला फोन करून "तुमच्याकडे पायाची सूज किती दिवसांनी उतरतेय?" असं विचारणं किती जणांनी केलं असेल!

आणि हो, नातेवाईक मंडळींना एक विनंती. आपल्या दोन्हीकडच्या घराण्यांत जी.बी.व्ही.सी. झालेलं कुणी होतं असं मोठ्यांच्या तोंडून ऐकलंय. कुणाच्या माळ्यावर अशा डॉक्टरांची फिरतीची रोजनिशी, टोचणीचे तक्ते, जुन्या जर्नलचे अंक असतील तर कृपा करून रद्दीत घालू नका. मला कळवा, मी येऊन घेऊन जाईन.